वाचक विचारतात : रॉकमॅन २, ते आठ रोबो आणि आमच्या कॅसेटी

मागच्या अंकात रॉकमॅन २ या, टीव्हीला जोडलेल्या मशीनमध्ये कॅसेट घालून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमवर पानभर लिहिलं आणि वाटलं होतं चारदोन म्हातारे होत चाललेले पोरगे वाचतील नि विसरतील, पण मेसेज काही थांबेनात. सगळे छापणं शक्य नाही, निवडक घेतलेत, नावं काढून फक्त गावं ठेवलीत. ज्यांनी तो अंक बघितला नाही त्यांच्यासाठी एका दमात सांगतो. निळ्या चिलखतातला एक छोटा रोबो, हाताच्या जागी तोफ, समोर डॉक्टर वायली नावाचा माथेफिरू शास्त्रज्ञ आणि त्याने बनवलेले आठ रोबो, म्हणजे गेममधले बॉस. आठही जणांना हरवायचं, मग वायलीच्या किल्ल्यात शिरायचं. आता प्रश्न.

डिचोलीहून : आमच्या कॅसेटवर रॉकमॅन लिहिलं होतं, नेटवर सगळीकडे मेगा मॅन म्हणतात. गेम एकच की वेगळा? आणि बनवला कोणी?

एकच. जपानात रॉकमॅन, अमेरिकेत मेगा मॅन, आणि आपल्याकडे आलेल्या बहुतेक कॅसेटी जपानी गेमच्या कॉप्या होत्या म्हणून आपल्याला पहिलं नाव पाठ. गेम कॅपकॉमचा. पहिला भाग डिसेंबर १९८७ चा, तो काही धो धो खपला नाही, त्यामुळे दुसरा भाग काढायला कंपनी फार उत्सुक नव्हती. टीमने हट्ट धरला तेव्हा सांगण्यात आलं की दुसरी कामं सांभाळून करत असाल तर करा. म्हणजे आज ज्याला लोक त्या काळातला सगळ्यात भारी ॲक्शन गेम म्हणतात तो माणसांनी रात्री जागून, उरलेल्या वेळात केलेला आहे, आणि डिसेंबर १९८८ ला बाजारात आला. केइजी इनाफुने यांना सगळे रॉकमॅनचे बाप म्हणतात, त्यांचं चित्रांचं काम मोठं आहेच, पण मूळ कल्पना आणि पहिल्या दोन भागांची आखणी अकिरा कितामुरा यांची, हे नाव कोणी घेत नाही म्हणून मी मुद्दाम घेतो. आणखी एक गंमत, बॉस कसे असावेत यासाठी जपानातल्या पोरांकडून चित्रं मागवली होती, आठ हजारांवर आली. आठातला प्रत्येक रोबो कुठल्या ना कुठल्या पोराच्या वहीतून निघाला असं समजा.

म्हापशाहून : आमच्यात अजून भांडण आहे. सुरुवात कुणापासून करायची? माझा भाऊ म्हणतो एअर मॅन, मी म्हणतो मेटल मॅन. तुम्ही न्याय करा.

न्याय तुमच्या बाजूने, पण भाऊ अगदीच चुकीचा नाही, आणि ते का ते नीट सांगायला हवं कारण या गेमचा सगळा जीव त्यातच आहे.

मारिओत काय असतं, एकानंतर दोन, दोननंतर तीन, रस्ता ठरलेला. इथे स्क्रीनवर आठ तोंडं एकदम दिसतात आणि जा म्हणतो कुठे जायचं तिथे. जो बॉस हरवाल त्याचं हत्यार तुमचं होतं, आणि ते हत्यार आठातल्या दुसऱ्या कुणाला तरी लागू पडतं. ही सगळी साखळी दगड-कागद-कात्रीवरून सुचलेली आहे. पण कुणाचं कुणाला लागू पडतं हे गेम सांगत नाही बरं का, आपण शोधायचं. बबल मॅनचं हत्यार हीट मॅनवर, पाणी आगीवर, हे लहान पोरालाही कळतं. हीट मॅनची आग पूर्ण चार्ज करून लाकडाच्या वूड मॅनवर, तेही कळतं. पण वूड मॅनच्या पानांनी एअर मॅन मरतो हे कसं सुचणार? ते कुणीतरी चुकून मारून बघितलं आणि मग वाड्यावर पसरलं. आमच्या वेळी ही माहिती हाच खरा पैसा होता, ज्याच्याकडे ती होती त्याला गेम खेळायला पहिला चान्स, कॅसेट कुणाची का असेना.

आता मेटल मॅन का. एक तर तो साध्या बंदुकीने मरतो, तुम्ही गोळी मारली की उडी मारून पाती फेकतो, त्याचा ठेका एकदा बसला की झालं. दुसरं म्हणजे त्याची पाती मिळाली की आठही दिशांना फेकता येतात, आणि पॉवर इतकी कमी खाते की संपता संपत नाही. खरं सांगायचं तर हे हत्यार जरा जास्तच भारी झालंय, बनवणाऱ्यांचा तोल तिथे गेला, आणि मला त्याची अजिबात तक्रार नाही. त्याने फ्लॅश मॅन आणि बबल मॅन दोघेही उडतात. आणि शेवटी वायलीच्या किल्ल्यात आठही जण परत समोर येतात ना, तिथे मेटल मॅनला त्याचीच पाती मारून बघा. सोप्या, म्हणजे नॉर्मल मोडमध्ये एका फटक्यात खलास. ज्याने हे पहिल्यांदा शोधलं असेल तो हसून खुर्चीतून पडला असणार.

भावाची बाजू अशी की एअर मॅन हरवला की आयटम दोन मिळतो, ती उडती पाटी. हीट मॅनच्या स्टेजमध्ये ते ठोकळे येतात आणि गायब होतात, खाली लाव्हा, तिथे कित्येकांनी गेम सोडून दिला असेल, तर त्या पाटीवर उभं राहून सरळ पलीकडे जाता येतं. शिवाय एअर मॅनचं हत्यार क्रॅश मॅनला लागतं. म्हणून माझा क्रम असा, मेटल, एअर, मग बबल, मग हीट, वूड, क्रॅश, फ्लॅश आणि क्विक सगळ्यात शेवटी. एअर मॅनला साध्या बंदुकीने मारावं लागेल, जरा घाम फुटेल, चालतं.

फोंड्याहून : क्विक मॅनच्या स्टेजमधल्या त्या लाईटी! माणसाला जमतं का ते?

जमतं, पण पहिल्यांदा नाही, आणि इथे मी जरा गेमच्या विरोधात बोलणार आहे. खाली पडताना दोन्ही बाजूंनी किरण येतात, लागला की लाईफ कितीही असो, मेलात. डोळ्याने बघून वाचता येत नाही, पाठच करावं लागतं कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. बाकी सगळ्या गेममध्ये डोकं चालवलं की मार्ग निघतो, इथे फक्त घोकंपट्टी. चिडायचा हक्क आहे तुम्हाला.

सुटका एक आहे, फ्लॅश मॅनचं टाइम स्टॉपर. ते लावलं की सगळं थांबतं, किरणही. पण ते एकदा सुरू केलं की पॉवर संपेपर्यंत बंद होत नाही, आणि तेवढ्यात गोळीही मारता येत नाही. आणि खरी मेख पुढे आहे, हेच टाइम स्टॉपर क्विक मॅनचंही बरंच लाईफ खातं, म्हणजे किरणांवर खर्च केलं तर बॉससमोर रिकाम्या हाताने उभे. किरणांचे दोन टप्पे आहेत, दुसरा लांबडा. मी म्हणेन पहिला पाठ करा, दुसऱ्यात स्टॉपर वापरा आणि बॉसला क्रॅश मॅनचे बॉम्ब मारा, ते त्याला लागतात. म्हणून वर क्विक मॅन शेवटी टाकला होता.

साखळीहून : यूट्यूबवर या गेमचं म्युझिक ऐकलं तर फास्ट वाटतं. माझ्या आठवणीत ते संथ आहे. माझंच वय झालं का?

नाही हो, तुमची आठवण पक्की आहे. जपान-अमेरिकेचा टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपला पाल सिस्टिमवाला ५० वेळा. या गेममध्ये सगळं, उडी, गोळी, गाणं, चित्राच्या त्या एकेका फेरीला बांधलेलं असतं. मग आपल्या बाजारातल्या ५० च्या मशीनवर जपानी कॅसेट घातली की अख्खा गेम साधारण एक षष्ठांश हळू. म्हणजे आपण सगळे रॉकमॅन थोडा सोपा करून खेळलोय, आणि आता खरा वेग बघून बोटं अडखळतात. माझी तर क्रॅश मॅनसमोर वाट लागते.

म्युझिक ताकाशी तातेइशी यांचं. त्या मशीनकडे मोजून चार मुख्य आवाज, दोन पल्स, एक ट्रँगल, एक नॉईज, आणि एवढ्यात वायलीच्या किल्ल्याची पहिली धून बसवली आहे, जी ऐकून आजही पन्नाशीला आलेली माणसं टेबलावर बोटं वाजवतात. मला विचाराल तर हळू असलेलीच जास्त आवडते. असेल आपला आजार.

पेडण्याहून : चवथीच्या सुट्टीत हमखास करंट जायचा आणि सगळं परत पहिल्यापासून. कॅसेटमध्ये सेव्ह का नव्हतं?

सेव्ह करायला कॅसेटमध्ये बॅटरी लागते, ती महाग, म्हणून पासवर्ड. पाच बाय पाचचा, हाऊजीच्या तिकिटासारखा चौकोन आणि त्यात नऊ लाल ठिपके. वरच्या ओळीतला एकच ठिपका तुमच्याकडे ई-टँक, म्हणजे लाईफ भरून देणारे डबे, किती आहेत ते सांगतो, बाकीचे आठ म्हणजे आठ बॉस, मेले की जिवंत. हे ठिपके शाळेच्या वहीच्या शेवटच्या पानावर, आणि आई ते पान फाडून दुधाचा हिशोब लिहायची असं खूप जणांनी कळवलंय, म्हणजे हा प्रकार घरोघरचा.

पण पासवर्डमध्ये एक खोट आहे. वायलीच्या किल्ल्यात कितीही आत गेलात तरी तो तुम्हाला किल्ल्याच्या दारातच परत आणून सोडतो. पुढचं सगळं एका बैठकीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात एवढा वेळ लाईट टिकणं हाच मोठा बॉस.

मडगावहून : किल्ल्यातली ती भिंतीवरच्या तोफांची खोली. माझं म्हणणं तो गेमचा दोष आहे, मित्र म्हणतो मला खेळता येत नाही.

दोष आहे. मित्राला सांगा मी सांगितलं म्हणून. पाच तोफा, त्या फक्त क्रॅश मॅनच्या बॉम्बने फुटतात, बॉम्ब एकूण सात, आणि मध्ये भिंती ज्या पण त्याच बॉम्बने फोडायच्या. एक बॉम्ब जरी फुकट गेला की संपलं, मेल्यावर बॉम्ब भरून मिळत नाहीत, मग मागे जाऊन किरकोळ शत्रू मारत पॉवरच्या गोळ्या गोळा करत बसा. सुरुवातीपासून गेम सांगत आला की कुठूनही जा, काहीही वापर, आणि इथे अचानक एकच उत्तर बरोबर. बॉम्ब लावायच्या आधी आयटम वापरून कुठल्या तोफेपर्यंत भिंत न फोडता पोचता येतं ते बघून घ्या, भिंतींवर दोनच खर्च करायचे.

वास्कोहून : काका तारवटी होते, त्यांनी बोटीवरून मेगा मॅनची राखाडी, मोठी कॅसेट आणलेली. आमच्या मशीनमध्ये ती कधीच बसली नाही. आता म्हापशाच्या बाजारात जुनं मशीन मिळालंय, काही करता येईल?

काकांनी अमेरिकन कॅसेट आणली. तिला ७२ पिना, आपल्या मशीनला जपानीसारख्या ६० चा खाचा. मध्ये लावायचा कन्व्हर्टर मिळतो, तो ७२ पिनांची कॅसेट ६० च्या मशीनमध्ये बसवणारा घ्या, उलटा घेऊ नका. अमेरिकन मशीनमध्ये कुलूपवाली चिप असायची, आपल्या लोकल मशीनमध्ये ती भानगडच नाही, त्यामुळे चालायला हवी. आणि कृपा करून फुंकर मारू नका, तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात, त्यात आपली हवा ही अशी खारी. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाची काडी, हलक्या हाताने.

कुडचड्याहून, एक आई : मुलगा नऊ वर्षांचा, दिवसभर मोबाईल गेम. त्याला हा आवडेल का? आणि मशीन नसताना खेळायचा कसा?

बाय, मशीन शोधत बसू नका. मेगा मॅन लेगसी कलेक्शन नावाचा संच २०१५ मध्ये निघाला, पहिले सहा भाग एकत्र, कॉम्प्युटरवर आणि नव्या कन्सोलवर चालतो, मध्येच सेव्ह करता येतं. आवडेल की नाही ते पहिल्या अर्ध्या तासात कळेल, जबरदस्ती नको. सुरू करताना नॉर्मल मोड घ्यायला सांगा, डिफिकल्ट नको, जपानी गेममध्ये फक्त तोच होता म्हणून आम्ही भोगला. कुणाचं हत्यार कुणाला लागतं ते मात्र त्याला आधी सांगू नका, आणि हे पान लपवून ठेवा.