नाक मोठं, स्टँड फ्रेममध्ये

प्रश्न : १६ मिमीच्या वाइड (रुंद दृश्य टिपणाऱ्या) लेन्सवर पोर्ट्रेट काढलं की नाक मोठं येतं, कडेला उभ्या माणसाचं डोकं ताणलं जातं आणि फ्लॅशचा स्टँड हमखास दिसतो. लेन्स बदलू का?

उत्तर : लेन्स राहू द्या. नाक मोठं दिसतं ते तुम्ही फार जवळ जाता म्हणून. दीड-दोन मीटर मागे या. माणूस फ्रेममध्ये लहान होईल, होऊ द्या. नुसता चेहराच हवा असेल तर ही लेन्स कशाला लावायची? कडेचं ताणणं मात्र वाइड लेन्सबरोबर येतंच. म्हणून चेहरा मध्याजवळ ठेवा आणि कडेला हात-पाय जाऊ द्या. खाली बसून काढलंत तर पाय लांबलचक येतात, मला ते आवडतात.

स्टँडचं दुखणं खरं. फुल फ्रेमवर (३६×२४ मिमी सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) १६ मिमीचा आडवा कोन सुमारे ९७ अंशांचा, त्यामुळे लपायला जागा कमी. मी कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवतो. एक फोटो फ्लॅशसह, दुसरा त्याच एक्स्पोजरला, म्हणजे कॅमेऱ्याची सेटिंग्ज तीच ठेवून, फ्लॅश आणि स्टँड बाजूला काढून. मग दुसऱ्यातली पार्श्वभूमी घेऊन पहिल्यातला स्टँड पुसायचा. त्यामुळे सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी पेटी) बिनधास्त जवळ आणता येतो. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणजे जवळचा फ्लॅश कमी ताकदीवरही पुरतो आणि मागच्या भिंतीवर फारसा सांडत नाही.

बाहेर काढत असाल तर आधी फ्लॅश बंद ठेवून आकाश एक स्टॉप गडद करा, म्हणजे त्याचा उजेड निम्मा; शटर १/२०० सेकंदापेक्षा जलद नको. चेहऱ्याचा उजेड नंतर फ्लॅशच्या पॉवरने जमवा.