कॉक्लियर इम्प्लांटच्या ऑपरेशनात धोका किती? लहान मुलाला आणि आजोबांना सारखाच का?

कॉक्लियर इम्प्लांट म्हणजे फारच कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ऑपरेशन करून कानात बसवलेलं ऐकण्याचं यंत्र. अनुभवी सर्जनच्या हातात हे ऑपरेशन बरंच सुरक्षित आहे. चेहऱ्याच्या नसेचं नाव ऐकून लोक घाबरतात, कारण कानामागचं हाड कोरताना ड्रिल तिच्या अगदी शेजारून जातं. पण त्या वेळी नर्व्ह मॉनिटर, म्हणजे त्या नसेवर लक्ष ठेवणारं यंत्र, लावतात. चेहरा कायमचा वाकडा होणं फार दुर्मिळ. काही जणांच्या तोंडाला काही आठवडे किंवा महिने धातूसारखी चव येते.

मला जास्त काळजी मेंदूज्वराची वाटते. इलेक्ट्रोड, म्हणजे यंत्राची बारीक तार, थेट आतल्या कानात जातो, तिथून जंतूंना मेंदूच्या आवरणापर्यंत वाट मिळू शकते. म्हणून न्यूमोकोकलची (असा मेंदूज्वर करणाऱ्या जंतूविरुद्धची) लस ऑपरेशनच्या निदान 2 आठवडे आधी घेऊन झालेली हवी. नंतरही मुलाचा कान दुखला किंवा वाहू लागला, तर अंगावर काढू नका.

चक्कर आजोबांच्या वयात जास्त त्रास देते. मुलांची कटकट वेगळी: पडझड. डोकं नेमकं इम्प्लांटच्या जागी आपटलं, तर आतलं यंत्र बिघडू शकतं, मग पुन्हा ऑपरेशन आलंच. शिवाय ज्या कानाचं ऑपरेशन होतं, त्यात उरलंसुरलं ऐकू येत असेल तर ऑपरेशनमुळे तेही जाऊ शकतं. संमतीपत्रावर सही करण्याआधी हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. आणि पुढे कधी एमआरआय सांगितला, तर आत चुंबक आहे हे आधीच सांगायचं. इम्प्लांटचं कार्ड पाकिटातच ठेवा.