घराला आग लागली, विमा कंपनी कमी पैसे देतेय. व्हाउचरवर सही करू का?

प्रश्न: नाशिकला आमचं कर्जावर घेतलेलं रो-हाउस आहे. फ्रिजमध्ये शॉर्टसर्किट होऊन स्वयंपाकघर आणि हॉल जळाला. ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत इमारतीचा विमा २० लाखांचा आहे. दुरुस्तीचा खर्च ६ लाख. सर्व्हेअर (नुकसान मोजायला आलेला) म्हणतो, घर बांधायला आज ३० लाख लागतील, विमा अपुरा आहे, म्हणून ४ लाखच मिळतील. बिलं जळाल्यामुळे सामानाचं काहीच धरलं नाही. आता ‘फुल अँड फायनल’ व्हाउचरवर, म्हणजे एवढ्यावर हिशेब मिटला अशा पावतीवर, सही मागताहेत. बँक म्हणते, पैसे कर्जखात्यात जमा होतील. ओळखीचे एक जण यादीत दागिने घालायला सांगतात. काय करू?

उत्तर: ताई, त्या व्हाउचरवर आहे तशी सही करू नका. सर्व्हेअरने लावलेली कपातच तुमच्या पॉलिसीत बसत नाही. विमा अपुरा असेल तर त्या प्रमाणात भरपाई कापायची, हा आगीच्या विम्यातला जुना नियम. १ एप्रिल २०२१ पासून सुरू झालेल्या गृह रक्षा पॉलिसीत घरमालकाला त्यातून स्पष्ट सूट आहे. नुकसान विमा रकमेच्या आत आहे, तेव्हा दुरुस्तीचा वाजवी खर्च ६ लाख असेल तर ६ लाखच मागा. सर्व्हे रिपोर्टची प्रत लेखी मागून घ्या आणि पॉलिसीतलं ते कलम दाखवून हरकत कळवा. सर्व्हेअरचा अहवाल हा शेवटचा शब्द नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलं आहे.

सामानाचंही तसंच. इमारतीचा विमा घेतला की त्याच्या २० टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त १० लाख, इतकं घरगुती सामान यादी न देताही आपोआप संरक्षित होतं. तुमच्या बाबतीत ती मर्यादा ४ लाख. कागदपत्रं नाहीत एवढ्यावरून क्लेम नाकारू नये, असं विमा नियामकाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी संस्था, IRDAI) २०२४ मध्ये कंपन्यांना बजावलं आहे. तरी पुरावा जमवाच: दुकानातून बिलांच्या दुसऱ्या प्रती, बँकेचं स्टेटमेंट, ऑनलाइन ऑर्डरचे मेल, वास्तुशांतीचे फोटो. अग्निशमन दलाचा दाखला आणि पंचनाम्याची प्रत जोडा. शॉर्टसर्किटमुळे बिघडलेला फ्रिज तेवढा वगळला जाईल; त्याच्या आगीत जळलेलं बाकीचं सामान नाही.

दागिने मात्र यादीत अजिबात घालू नका. मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं, आणि खोटी नोंद सापडली तर हक्काचा क्लेमही हातचा जाईल.

पैशांची निकड मला समजते. कंपनी देऊ करतेय ते ४ लाख घ्यायचे असतील तर व्हाउचरवर ‘हक्क राखून, उरलेल्या रकमेबाबत हरकत कायम’ असं लिहूनच सही करा आणि त्याच दिवशी कंपनीला तसा मेल पाठवा. व्हाउचरवर सही झाली म्हणून विमेदाराचा पुढचा हक्क बुडत नाही, असं नियामकाने २०१५ मध्ये कळवलं आहे. पण दडपणाखाली सही घेतली, हे मागाहून सिद्ध करणं अवघड जातं. हरकत त्याच वेळी नोंदवलेली असली की तुमची बाजू भक्कम राहते.

बँकेचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. पॉलिसीत बँकेचं कलम असेल तर इमारतीची भरपाई तिच्याकडे जाते. सामान तारण नाही, त्याचे पैसे थेट तुमच्या खात्यात मागा. इमारतीची रक्कम दुरुस्तीसाठी सोडावी, असा अर्ज शाखेला द्या. घर दुरुस्त झालं तरच त्यांचं तारण टिकेल, तेव्हा हा अर्ज सहसा ऐकला जातो. हप्ते मात्र थांबवू नका.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडून महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे (विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणारे अधिकारी) एका वर्षाच्या आत तक्रार करा. ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात. फी नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. दुसरा मार्ग नाशिकच्याच जिल्हा ग्राहक आयोगाचा, त्याला मुदत दोन वर्षं. पण आयोगात प्रकरण दाखल केलंत तर लोकपाल ते घेणार नाहीत, म्हणून आधी पुणे.