वाचक विचारतात : गॉटवाल्डनं सत्ता लुटली की समोरच्यांनीच हातात दिली?

प्रश्न : चेकोस्लोव्हाकियात कम्युनिस्टांनी १९४८ मध्ये सत्ता बळकावली असं सगळीकडे वाचतो, पण १९४६ ची निवडणूक तर तेच जिंकले होते ना? मग क्लेमेंट गॉटवाल्डला निवडून आलेला पंतप्रधान म्हणायचं की हुकूमशहा?

उत्तर : दोन्ही म्हणा, आधी एक मग दुसरा. १९४६ ला कम्युनिस्टांना ३८ टक्के मतं पडली, ३०० पैकी ११४ जागा, सगळ्यात मोठा पक्ष तोच, म्हणून गॉटवाल्ड पंतप्रधान झाला, त्यात वावगं काही नाही (उजवे मोठे पक्ष तेव्हा लढूच दिले नव्हते, तेवढं लक्षात ठेवा). माणूस तळातून वर आलेला. १८९६ चा जन्म, मोराव्हियातल्या एका गरीब अविवाहित बाईचा मुलगा, पोरवयात व्हिएन्नात सुतारकाम शिकायला गेला, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता, १९२१ मध्ये पक्ष निघाला तेव्हापासून पक्षात, आणि १९२९ ला थेट सरचिटणीस. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, नुकताच खासदार झालेला असताना, भर संसदेत समोरच्या बाकांना सुनावलं की आम्ही मॉस्कोला जातो ते तुमच्या माना कशा मुरगळायच्या ते शिकायला. लोक हसले म्हणे. आता हे असं तोंडावर सांगून ठेवलेल्या माणसाबद्दल नंतर ‘आम्हाला काय माहीत’ म्हणण्यात काय अर्थ आहे?

फेब्रुवारी १९४८ ची गोष्ट नीट बघण्यासारखी आहे. गृहमंत्री नोसेक कम्युनिस्ट, त्यांनी प्रागमधल्या पोलिसांतले आठ बिगर-कम्युनिस्ट अधिकारी हलवले, मंत्रिमंडळानं बहुमतानं सांगितलं हे रद्द करा, नोसेक ढिम्म. मग चिडून २० फेब्रुवारीला बारा मंत्र्यांनी राजीनामे दिले. हिशेब असा की अध्यक्ष बेनेश राजीनामे नामंजूर करतील, नाहीतर निवडणूक लागेल. पण मंत्री होते सव्वीस! सोशल डेमोक्रॅट्स आणि परराष्ट्रमंत्री यान मासारिक जागचे हललेच नाहीत, म्हणजे चौदा जण शिल्लक आणि सरकार जागेवर. गॉटवाल्डनं फक्त एवढीच मागणी लावून धरली की राजीनामे मंजूर करा आणि मी सुचवतो ती नावं घ्या. कागदावर सगळं घटनेला धरून. आणि रस्त्यावर? कामगारांच्या हातात बंदुका, २४ तारखेला एक तासाचा देशव्यापी संप, पोलीस कम्युनिस्टांचे, संरक्षणमंत्री स्वोबोदा त्यांच्या बाजूला झुकलेला. आजारी बेनेशनी २५ ला सही केली. विरोधकांनी आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला हे माझं स्पष्ट मत, पण धोंडा उचलून हातात कुणी दिला तेही विसरू नका. जूनमध्ये बेनेशनी राजीनामा दिला आणि गॉटवाल्ड अध्यक्ष झाला.

प्रश्न : तो स्टालिनच्या हातचं बाहुलं होता असं म्हणणं कितपत बरोबर?

उत्तर : सुरुवातीला तसा नव्हता, निदान त्याला स्वतःला तसं वाटत नव्हतं. ‘समाजवादाकडे जायचा आमचा चेकोस्लोव्हाक रस्ता वेगळा’ असं तो जाहीरपणे बोलायचा. जुलै १९४७ मध्ये त्याच्या मंत्रिमंडळानं मार्शल प्लॅनच्या (युद्धानंतर युरोपला अमेरिकेची मदत) बैठकीला जायचं एकमतानं ठरवलं, मग शिष्टमंडळ मॉस्कोला गेलं, स्टालिननं झापलं, आणि १० जुलैला निर्णय फिरवला. तिथेच वेगळा रस्ता संपला खरं तर.

पण खरा माणूस कळतो तो स्लान्स्की प्रकरणात. रुडॉल्फ स्लान्स्की म्हणजे विसाच्या दशकापासूनचा जोडीदार, पक्ष काबीज केला तो दोघांनी मिळून. जुलै १९५१ मध्ये त्याची पन्नाशी साजरी झाली, मोठा किताबही मिळाला. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत नेता मिकोयान प्रागला आला, स्टालिनचा निरोप घेऊन, की स्लान्स्कीला आत टाका. गॉटवाल्ड थोडे दिवस अडखळला. मग २३ तारखेला रात्री स्लान्स्की पंतप्रधान झापोतोत्स्कींकडची मेजवानी आटपून घरी पोचला आणि तिथेच त्याला पकडलं. पुढच्या वर्षी चौदा जणांवर खटला, त्यातले अकरा ज्यू, कबुलीजबाब पाठ करून घेतलेले, अकरा जण ३ डिसेंबर १९५२ ला फासावर. त्यांत व्लादिमीर क्लेमेंतिसही, जो १९४८ च्या फेब्रुवारीत बाल्कनीत गॉटवाल्डच्या शेजारी उभा होता, नंतर फोटोतून त्याला पुसूनच टाकलं. दया दाखवायचा अधिकार अध्यक्षाला होता, त्यानं वापरला नाही. १९५० मध्ये विरोधी पक्षातल्या मिलादा होराकोव्हाच्या फाशीच्या वेळी जगभरातून विनंत्या आल्या होत्या, तेव्हाही नाही. घाबरला होता म्हणून त्याची बाजू घेणारे भेटतात. घाबरला असेलच, मॉस्कोत राहिलेल्या माणसाला पुढचा नंबर कुणाचा लागू शकतो ते पक्कं माहीत असतं, पण सही त्याचीच आहे.

प्रश्न : स्टालिनच्या अंत्ययात्रेत थंडी बाधली आणि तो गेला, हे खरं का?

उत्तर : थंडीचं काही नाही. तब्येत आधीच खालावलेली, दारू भरपूर, जुना सिफिलिस, शेवटी महाधमनी फुटली. स्टालिन ५ मार्च १९५३ ला गेला, हा १४ ला. विषप्रयोगाच्या गप्पा मागाहून आल्याच, त्या सोडून द्या. मृतदेह मसाला भरून प्रागच्या व्हीत्कोव्ह टेकडीवर ठेवला होता, १९६२ मध्ये तो प्रकार बंद करून दहन केलं. झ्लीन शहराला दिलेलं गॉटवाल्डोव्ह हे नाव मात्र १९९० पर्यंत टिकलं.