हॅमॉकसाठी (दोन झाडांमध्ये टांगायच्या कापडी झोळीसाठी) कोणत्या गाठी शिकाव्यात, की झाडाभोवतीच्या पट्टीत अडकवायचे हुक असताना गाठींची गरजच नाही?

तीन शिका: बेकेट हिच, बोलाइन आणि टॉटलाइन हिच. व्हिडिओत दाखवतात त्या वीस-पंचवीस गाठी आठवडाभरात विसरायला होतात. खरं तर इथेच थांबले असते, पण "हुक असताना गाठी कशाला" हे तुमचं वाक्य मला लागलं.

माझे बाबा गिरणगावातल्या एका मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. ताण्याची तार, म्हणजे उभा धागा, तुटली की साचा थांबवायचा, टोक शोधायचं, तार सांधायची, साचा पुन्हा सुरू. ती गाठ इतकी बारीक हवी की फणीतून न अडकता गेली पाहिजे. बाबा ती न बघता मारायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. बाबा परत साच्यावर उभे राहिले नाहीत. त्या रिकाम्या दिवसांत चाळीच्या गॅलरीत, कठड्याला सुतळी बांधून त्यांनी मला ती गाठ शिकवली. दादा तेव्हाही म्हणायचा, आजही म्हणतो, "मिल गेली, आता ती गाठ काय चाटायचीय?"

2017 च्या डिसेंबरात कर्जतजवळच्या एका आमराईत आम्ही बाराजण मुक्कामाला गेलो. माझे हुक घरीच राहिले. आमचा लीडर म्हणाला, "ताई, मग आज खालीच झोपा." एका मुलाने त्याची पट्टी घेऊन बेकेट हिच दाखवायला सुरुवात केली: पट्टी हॅमॉकच्या टोकाच्या दोरीच्या कडीतून वर घ्यायची, कडीच्या दोन्ही पदरांच्या मागून फिरवायची आणि स्वतःच्याच खाली खोचायची. त्याचं सांगून होण्याआधी माझ्या हातांनी ती मारली होती. ती बाबांचीच गाठ होती, फक्त सुताच्या जागी पट्टी. बोलाइनचं वळणही तेच, ताण वेगळ्या टोकांवर येतो एवढाच फरक. रात्रभर मी त्या गाठीवर झोपले. सकाळी दादाला फोटो पाठवला. त्यावर तो आजवर काही बोललेला नाही.

हुक त्या एका पट्टीला चालतो. ही गाठ सुताला चालली, पट्टीला चालली, हॅमॉकवर ताणायच्या ताडपत्रीची दोरी तुटली तेव्हा तिलाही चालली. दादाने हे वाचलं तर बरंच होईल.

बेकेटचं शेवटचं टोक दुमडून खोचा, म्हणजे सुरगाठ होते आणि सकाळी एका हिसक्यात सुटते. ताडपत्रीची मुख्य दोरी झाडाला बोलाइनने बांधा. खुंट्यांच्या दोऱ्यांना टॉटलाइन, ती सरकवून ताण कमीजास्त करता येतो. सराव खिडकीच्या ग्रिलला करा, अंधारातही करा. दोरी नागदेवी स्ट्रीटला मिळेल.

आणि हो, डायनीमासारख्या गुळगुळीत दोरीवर बोलाइन सरकते, तिच्यावर जीव टाकू नका. बेकेटवर ताण नसेल तर ती सैल पडते, म्हणून प्रत्येक वेळी झोपण्याआधी हाताने आवळून बघा. पट्टी निदान 25 मिलिमीटर रुंद हवी, नाहीतर झाडाची साल कापते. हॅमॉक तारेसारखा ताणू नका: पट्टी आडव्या रेषेशी 30 अंशात असेल तर 70 किलोच्या माणसाचा प्रत्येक बाजूवर 70 किलो ताण येतो, 10 अंशात तोच 200 किलोवर जातो. मग गाठ कितीही चांगली मारा. शेवग्याला बांधू नका, फांदीच काय खोडही मोडतं. नारळाखाली तर नकोच. पावसात पट्टीवरून पाणी आत ओघळतं, त्यासाठी हॅमॉकच्या अलीकडे सुतळीचा तुकडा बांधून लोंबता सोडा. पहिल्यांदा गुडघ्याएवढ्या उंचीवर टांगा आणि आधी नुसतं बसून बघा.