स्लॅब पडतोय, पण इंजिनियर नक्की कुणाचा?

प्रश्न: मॅडम नमस्कार. दहिसर पूर्वेला आमची तळ अधिक चार मजल्यांची सोसायटी आहे, १९८७ सालची. यंदा पावसाळ्यात हॉलमधल्या स्लॅबचं प्लास्टर पंख्याच्या बाजूचं धाडकन सोफ्यावर पडलं, नशीब कोणी बसलेलं नव्हतं. आत गंजलेल्या सळ्या दिसतायत. सेक्रेटरी म्हणतात ओळखीचा कॉन्ट्रॅक्टर आहे, तो स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, फुकटात करून देईल, फक्त रिपेअरचं काम त्यालाच द्यायचं. आणि अर्धे मेंबर म्हणतात ऑडिटच नको, बिल्डिंग सी-वन म्हणजे सर्वात धोकादायक वर्गात निघाली तर घर खाली करावं लागेल. मी ज्येष्ठ नागरिक, कुणाचं ऐकू?
— एक सभासद, दहिसर

उत्तर: काका, फुकटचं ऑडिट घेऊ नका, हे आधी सांगते, मग बाकीचं. ज्याला पुढे काम हवंय तो त्याच्या कामाला सोयीचा रिपोर्ट लिहिणार, यात त्याचं काही चुकलं असंही नाही, धंदा आहे त्याचा. इंजिनियर सोसायटीने स्वतः नेमायचा, जनरल बॉडीत ठराव करून, अपॉइंटमेंट लेटर सोसायटीचं आणि फीचा चेकही सोसायटीचा. अजून एक गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात येत नाही, बरेच कन्सल्टंट पुढच्या कामावर देखरेखीची फी बिलाच्या टक्क्यात मागतात, म्हणजे बिल जेवढं फुगेल तेवढी त्यांची फी फुगणार. म्हणून ऑडिटची फी वेगळी ठरवा, स्क्वेअर फुटावर किंवा एकरकमी, आणि देखरेखीचीही आकडा ठरवूनच, टक्केवारी नको.

माणूस महापालिकेकडे नोंदणी असलेला स्ट्रक्चरल इंजिनियरच पाहिजे. कुणाचा तरी सिव्हिल झालेला भाचा चालत नाही, आर्किटेक्टही नाही. व्हीजेटीआय, आयआयटी किंवा अंधेरीचं सरदार पटेल कॉलेज यांच्याकडूनही ऑडिट करून घेता येतं, वेळ जास्त लागेल पण मेंबरांत भांडणं असतील तर असं नाव कामाला येतं.

आणि ऑडिट करायचं की नाही हा प्रश्नच उरलेला नाही हो तुमच्याकडे. बिल्डिंगला ३० वर्षं झाली की महापालिका कायद्याच्या कलम ३५३ ब खाली ते करावंच लागतं, सोसायटीच्या आदर्श उपविधींत तर १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी सांगितलंय. सी-वनची भीती सगळ्यांनाच असते पण सी-वन म्हणजे राहण्यालायक नाही, पाडा. त्याच्या खाली सी-टू-ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-टू-बी म्हणजे घरं खाली न करता स्ट्रक्चरल दुरुस्ती आणि सी-थ्री किरकोळ. प्लास्टर पडलं म्हणून लगेच सी-वन होत नाही. उलट मी दुसरी बाजू पण बघते, रिडेव्हलपमेंटचं वारं वाहायला लागलं की कोणाला तरी सी-वन हवं असतं. अशा वेळी दोन ऑडिट उलटसुलट निघाली तर महापालिकेची तांत्रिक सल्लागार समिती आहे, टॅक म्हणतात तिला, प्रकरण तिच्यापुढे नेता येतं.

आता रिपोर्ट खरा की नुसता कागद हे कसं ओळखायचं. दुपारी येऊन गच्चीवर फोटो काढून चहा पिऊन गेला तर ते ऑडिट नाही. नीट माणूस घराघरात शिरतो, बाथरूमच्या खालचे स्लॅब बघतो, छोट्या हातोडीने ठोकत जातो, पक्कं काँक्रीट टणटण वाजतं आणि सुटलेलं बद्द. मग मशीनवाल्या टेस्ट. अल्ट्रासॉनिक टेस्टमध्ये काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात, त्यांचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली आला तर काँक्रीटवर शंका घ्यायची, हाफ सेल टेस्टमध्ये सळीचा विद्युत दाब मोजतात, त्याचं रीडिंग उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेलं तर सळी गंजत असण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर धरतात. आणि एक टेस्ट तुम्ही स्वतः उभं राहून बघाच, काँक्रीटचा ताजा टवका काढून त्यावर फिनॉल्फथॅलिन मारतात, चांगलं काँक्रीट भडक गुलाबी होतं आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने ज्यातला अल्कलीपणा गेलाय ते राखाडीच राहतं. पृष्ठभागापासून आत जाताना गुलाबी रंग सळीच्या अलीकडेच सुरू झाला तर ठीक, सळीच्याही मागे सुरू होत असेल तर सळीचं संरक्षण संपलंय. रिपोर्टमध्ये हे आकडे कुठल्या घरातल्या कुठल्या बीमचे ते लिहिलेलं पाहिजे, शेवटी कामाच्या मोजमापाची यादी पाहिजे, आणि त्याच यादीवर तीन-चार कॉन्ट्रॅक्टरांकडून भाव मागवायचे. तुमच्या सेक्रेटरींचा ओळखीचा असेल तोही भरेल टेंडर, कोण नाही म्हणतंय.

तोवर सैल प्लास्टर पाडून घ्या, त्याखाली झोपू बसू नका, स्लॅब खाली आल्यासारखा वाटला तर टेकू लावून घ्या. गंजलेल्या सळीवर नुसतं सिमेंट थापून रंग मारू देऊ नका, गंजाला लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, तो आत फुगतो आणि तेच प्लास्टर परत खाली. पाणी कुठून येतं तेही शोधा, गच्ची किंवा बाहेरचा पाइप असेल तर खर्च सोसायटीचा, वरच्याच्या बाथरूममधून असेल तर त्या मेंबरचा.

प्रश्न: चेंबूर गावठाणात आमचं आजोबांच्या वेळचं एक मजली विटांचं घर. शेजारी टॉवरसाठी खोल खड्डा खणलाय, दिवसरात्र पंप चालू. आमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग गेलीय आणि मागचं दार लागत नाही. बिल्डरचा इंजिनियर येऊन बघून म्हणाला जुनं घर आहे, असं होतंच.
— एक वाचक, चेंबूर

उत्तर: ताई, बिल्डरचा इंजिनियर बिल्डरचाच. तुमचा वेगळा बोलवा, आणि सांगा की पायासाठी बोलावलंय.

तिरकी भेग आणि न लागणारं दार एकदम आलं की पाया एका बाजूने खचतोय असा संशय घ्यायचा. जुन्या घराचा पाया उथळ असतो, शेजारी पंपाने पाणी उपसलं की तुमच्या खालच्या जमिनीतलंही पाणी उतरतं आणि माती मऊ असेल तर ती दबते. खाडीजवळच्या भागात तर चिखलमातीच असते खाली, तिथे फार जपावं लागतं. आजच भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा, भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा, काच तडकली की भेग हलतेय. पट्टीशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढत राहा. सगळ्या खोल्यांचे काढा, धड भिंतींचेसुद्धा, कारण पुढे नुकसान कधी झालं यावरच वाद होतो. मग तुमच्या इंजिनियरचा रिपोर्ट जोडून वॉर्ड ऑफिसच्या इमारत आणि कारखाना विभागाला आणि इमारत प्रस्ताव विभागाला लेखी तक्रार, पोच घेऊनच. खड्ड्याला आधार कसा दिलाय आणि पाणी किती उपसताय याचा तपशील मागा. काच तडकली किंवा भेग रुंदावली तर त्या खोलीत झोपू नका, बाकी कागदपत्रं नंतर.

प्रश्न: किचन-हॉलमधली भिंत काढून ओपन किचन करायचंय. इंटिरियरवाला म्हणतो पार्टिशन आहे, बिनधास्त पाडा. — मुलुंड

उत्तर: असेलही पार्टिशन. आरसीसी फ्रेमच्या, म्हणजे काँक्रीटच्या खांब-बीमवर उभ्या बिल्डिंगमधली साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा तशीच असते, पण तुमची बिल्डिंग जुनी लोड बेअरिंग, म्हणजे भिंतींवरच भार पेलणारी असेल आणि भिंत नऊ इंची, तर वरचा स्लॅब तिच्यावरच बसलाय. २०१७ च्या जुलैत घाटकोपरला बिल्डिंग कोसळून १७ माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावरच्या तोडफोडीवरच बोट ठेवलं गेलं होतं. सोसायटीकडून मंजूर प्लॅनची कॉपी घ्या, इंजिनियरला एकदा घरी बोलवून लेखी ‘हो’ घ्या आणि सोसायटीची परवानगीही. त्याची व्हिजिट फी किचनच्या ट्रॉल्यांच्या मानाने काहीच नसते.