आधी नोकरी कुठे ते ठरव, मग देश

बाय, तुझं पत्र दोनदा वाचलं. बारावी सायन्स झाली, पायलटच व्हायचं आहे, आणि बाबा पेडण्यातली जमीन तारण ठेवायला तयार आहेत. आजोबा १९६१ च्या आधी, गोवा पोर्तुगीजांकडे असताना जन्मलेले, म्हणून पोर्तुगीज पासपोर्ट काढून इकडे पोर्तुगालला शिकायला यायचं, की मैत्रिणीसारखं अमेरिकेत उड्डाणाचे तास भरून परत यायचं, हा तुझा प्रश्न.

सगळ्यात आधी मेडिकल. डीजीसीएची, म्हणजे भारतातल्या विमान वाहतूक नियामकाची, आधी क्लास टू तपासणी, मग जास्त कडक क्लास वन. रंग ओळखण्यात किंवा ईसीजीत काही निघालं तर ते आत्ताच कळू दे. क्लास वन हातात येईपर्यंत बाबांनी बँकेची पायरी चढू नये.

आता मूळ मुद्दा. सगळे देश निवडतात ते हवा आणि फी बघून. मी म्हणेन, नोकरी कुठे करायची ते आधी ठरव, कारण लायसन्स ज्या देशाचं, नोकरीचा सरळ रस्ता तिथलाच.

भारतातच उडायचं असेल तर डीजीसीएला २०० तास लागतात. त्यातले १०० पायलट-इन-कमांड म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःकडे असताना, रात्रीचे ५, आणि ३०० नॉटिकल मैलांचं एक क्रॉस-कंट्री म्हणजे लांब पल्ल्याचं उड्डाण, वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून. हे बारामतीला होतं, गोंदियाला होतं, रायबरेलीजवळच्या इग्रुआ या सरकारी अकादमीत होतं. पावसाळ्यात तास रखडतात म्हणून मुलं बाहेर जातात, ते मला समजतं. पण परतल्यावर लायसन्स कन्व्हर्ट करायचं असतं: रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन आणि हवामानशास्त्राचा एकत्र पेपर, आरटीआर म्हणजे रेडिओवर बोलण्याचा परवाना, तिकडच्या लायसन्सची पडताळणी. परदेशी लायसन्स खिशात घेऊन दिल्लीत द्वारकेच्या क्लासला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. जायचंच असेल तर डीजीसीएचे पेपर निघण्याआधीच काढून टाक. पास व्हायला ७० टक्के लागतात आणि घरी बसून अभ्यास होतो.

अमेरिकेत विमानं भरपूर, हवा चांगली, शिकणं भराभर होतं. पण तिथल्या एअरलाइनच्या कॉकपिटात बसायला साधारण १५०० तास लागतात, आणि शिकायला मिळणाऱ्या एम-वन व्हिसावर नोकरी करत ते भरता येत नाहीत. तेव्हा अमेरिका म्हणजे शिकून परत येणं. तसं असेल तर खुशाल जा.

पोर्तुगालचं गणित वेगळं. भारतीय पासपोर्टवर इथे शिकता येतं, पण युरोपातल्या एअरलाइन्स इथे राहण्या-काम करण्याचा हक्क आधी विचारतात. म्हणजे आपल्या गोंयकारांकडे जे आहे ते इथल्या कुठल्याही फ्लाइंग स्कूलपेक्षा मोलाचं आहे. फक्त ते फुकट नाही. आधी आजोबांची जन्मनोंद, मग बाबांची, मग तुझी, अशी साखळी चालते. जुन्या कागदांत नावं पोर्तुगीज वळणाची. आमच्याकडे आजोबा ‘पोरोबो’ आणि मी परब, त्या एका आडनावापायी किती प्रतिज्ञापत्रं झाली विचारू नको. तुझ्या दहावीच्या सर्टिफिकेटपासून पासपोर्टपर्यंत नाव एकच आहे ना, ते आजच बघ. पुढे मेडिकल, लॉगबुक, लायसन्स सगळं त्याच नावावर निघणार.

आणि पोर्तुगीज नागरिक झालीस की भारतीय नागरिकत्व गेलं. परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड मिळतं, पण मतदान नाही, सरकारी नोकरी नाही, नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आलेली राहते. हे घरात सगळ्यांनी बसून बोलायचं आहे, एजंटच्या सांगण्यावर नाही. तो एजंट ‘पुढे इंग्लंडलाही जाता येईल’ म्हणेल. पोर्तुगीज पासपोर्टवर गोंयकार इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन राहायचे, ते दिवस संपले. ब्रेक्झिटनंतर तिथे राहण्याचा हक्क आपोआप मिळत नाही आणि तिथलं पायलटचं लायसन्सही वेगळं झालं.

इथला अभ्यास जड आहे. थिअरीचे १३ पेपर, प्रत्येकात ७५ टक्के, आणि पहिल्या पेपरपासून १८ महिन्यांत सगळे काढायचे. ज्यांना बारावीचं फिजिक्स पाठ होतं पण समजलं नव्हतं, ती मुलं इथे अडकतात. उडण्याचं म्हणशील तर इथल्या आलेन्तेजू भागात उन्हाळ्याच्या दुपारी धावपट्टी इतकी तापते की फायनलवर, म्हणजे उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात, छोटं सेसना विमान उसळतच राहतं. नवा विद्यार्थी घाबरून योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, आवळतो, आणि माझं अर्धं काम ‘सैल धर’ सांगण्यातच जातं. म्हणून नवख्यांना मी पहाटेचे स्लॉट देतो.

खर्च ७० हजार युरोंच्या पुढेच धर, राहणं-खाणं वेगळं. टाइप रेटिंग, म्हणजे एअरलाइनचं ठरावीक मोठं विमान चालवण्याचं प्रशिक्षण, तेही बहुधा त्यात नसतं. शिवाय एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक नसते: मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (जास्त इंजिनांचं विमान आणि फक्त उपकरणं बघून उडण्याची परवानगी) दरवर्षी रिन्यू करावं लागतं, मेडिकलही. नोकरी मिळेपर्यंत हा पैसा घरूनच जाणार. कर्ज काढताना किमान वर्षाची सोय बाजूला ठेवा.

स्कूल निवडताना ‘विमानं किती’ विचारू नकोस, ‘आज उडण्यासारखी किती’ विचार. हँगरात इंजिन काढून उभी असलेलीही विमानं मोजतात लोक. एका इन्स्ट्रक्टरमागे किती विद्यार्थी ते विचार, आणि गेल्या बॅचला कोर्स संपवायला खरंच किती महिने लागले ते त्या मुलांनाच विचार, ऑफिसला नको. एकरकमी फी मागितली तर तिथून ऊठ. टप्प्याटप्प्याने भरायची, आणि स्कूल बंद पडलं किंवा तू सोडलंस तर न उडवलेल्या तासांचे पैसे परत मिळतील हे करारात लिहून घ्यायचं. करार पोर्तुगीजमध्ये असेल तर सही करण्याआधी मला पाठव, मी वाचून सांगतो.